जुन्या मोटारीचे सुटे भाग : पैसा कुठे वाचवावा आणि कुठे वाचवू नये

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात पहाटे उभ्या असलेल्या गाड्यांवर नजर टाकली तर एक गोष्ट लक्षात येते. नव्या गाड्या कितीही आल्या तरी लहान व्यापाऱ्याचा गाडा आजही जुन्या मोटारीवर चालतो. मारुती 800 चे उत्पादन 2014 च्या आरंभी बंद झाले. अँबॅसडरही त्याच वर्षी थांबली. इंडिका 2018 मध्ये गेली, ओम्नी आणि सुमो 2019 मध्ये. कारखान्यातून या गाड्या येणे थांबले, पण रस्त्यावरून त्या गेलेल्या नाहीत. फळे, कापड, बेकरीचा माल, मंडपाचे सामान आणि सणासुदीला घरची मंडळी, हे सर्व त्याच वाहून नेतात.

आमच्या अनेक बांधवांनी जुनी गाडी ठेवली आहे ती केवळ पैसे नाहीत म्हणून नव्हे. नवी गाडी घ्यायची तर बहुधा व्याजाचे कर्ज काढावे लागते आणि ते त्यांना नको असते. हा निर्णय चांगलाच आहे. मात्र जुनी गाडी सांभाळायची तर सुट्या भागांचा व्यवहार समजला पाहिजे. तो न समजल्यामुळे व्याजात वाचलेला पैसा गॅरेजमध्ये जातो आणि कधी कधी जिवावरही बेतते. आमच्या समाजातील पुष्कळ तरुण गॅरेज, डेंटिंग-पेंटिंग, कुशनकाम, रेडिएटर, बॅटरी आणि स्पेअर पार्ट्सच्या धंद्यात आहेत. म्हणून हा लेख गाडीमालकासाठी आहे, तसाच काउंटरमागे बसणाऱ्या दुकानदारासाठी आणि गाडीखाली झोपून काम करणाऱ्या मिस्त्रीसाठीही आहे.

आधी रोग, मग औषध

सर्वांत जास्त पैसा वाया जातो तो चांगल्या भागाच्या जागी दुसरा चांगला भाग बसवण्यात. गाडी गरम होते म्हणून रेडिएटर बदलला, पण दोष थर्मोस्टॅट व्हॉल्व्हचा किंवा पंख्याच्या स्विचचा होता. बॅटरी उतरते म्हणून नवी बॅटरी आणली, पण अल्टरनेटर चार्जिंग करत नव्हता. गाडी एका बाजूला ओढते म्हणून अलाइनमेंट दोनदा केले, पण पुढच्या चाकाचा ब्रेक अडकून राहत होता.

म्हणून भाग घेण्यापूर्वी मिस्त्रीला एकच प्रश्न विचारावा, "हाच भाग गेला आहे हे कशावरून?" चांगला मिस्त्री या प्रश्नाने रागावत नाही. तो मीटर लावून व्होल्टेज दाखवतो, चाक वर उचलून बेअरिंगचा आवाज ऐकवतो, बॉल जॉइंट पहारीने हलवून त्यातली ढिलाई दाखवतो. ज्याला दाखवता येत नाही तो अंदाजाने बदलतो आहे, असे समजावे.

बाजारात माल चार प्रकारचा

काउंटरवर "ओरिजिनल देऊ की लोकल?" असे विचारले जाते. प्रत्यक्षात प्रकार चार आहेत.

पहिला, गाडीच्या कंपनीच्या डब्यातला माल. दर सर्वांत जास्त, पण माप बरोबर असण्याची खात्री अधिक.

दुसरा, गाडीच्या कंपन्यांना माल पुरवणाऱ्या कारखान्यांचा, त्यांच्या स्वतःच्या नावाच्या डब्यातला माल. मोटारीची कंपनी सगळे भाग स्वतः बनवत नाही. ब्रेक्स इंडिया, राणे, बॉश, लुकास-टीव्हीएस, लुमॅक्स, सुब्रॉस ही नावे मिस्त्री मंडळींना पाठ आहेत. जुने लोक ज्याला मायको म्हणत त्याच कंपनीचे नाव 2008 पासून बॉश झाले. आमच्या कोल्हापूरचाही यात मोठा वाटा आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील फाउंड्र्यांमधून निघालेली कास्टिंग्ज देशभरच्या वाहन कंपन्यांकडे जातात. मेनन पिस्टन्स आणि मेनन बेअरिंग्ज ही नावे येथूनच पुढे आली. कमी बजेटच्या माणसाला हा दुसरा प्रकार बहुतेक वेळा सर्वांत फायद्याचा ठरतो.

तिसरा, लहान कारखानदाराचा स्वतःच्या नावाने विकलेला लोकल माल. हा माल बेकायदा नाही आणि सगळाच वाईटही नाही. त्यात चांगले आणि सुमार दोन्ही आहे. कोणता भाग आहे यावर तो घ्यावा की नाही हे ठरते.

चौथा, दुसऱ्याच्या नावाचा डबा छापून त्यात भरलेला डुप्लिकेट माल. हा तिसऱ्या प्रकाराचा भाऊ नव्हे. लोकल मालवाला आपले नाव सांगून स्वस्त वस्तू विकतो. डुप्लिकेटवाला खोटे नाव सांगून विकतो. पहिला व्यापार आहे, दुसरी फसवणूक आहे.

तीन टोपल्या

आम्ही वाचकांना सुचवतो की गाडीच्या भागांच्या मनातल्या मनात तीन टोपल्या कराव्यात.

पहिली टोपली जिवाची. ब्रेकचे पॅड आणि लायनर, मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर व त्यांचे रबर किट, ब्रेक होज, ब्रेक ऑइल, टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, व्हील बेअरिंग, टायर, सीट बेल्ट. येथे फक्त पहिला किंवा दुसरा प्रकार घ्यावा. येथे घासाघीस दराची करावी, दर्जाची नव्हे.

दुसरी टोपली मजुरीची. या भागांनी जीव जात नाही, पण ते खोलवर बसलेले असतात आणि काढण्या-घालण्याची मजुरीच मोठी असते. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, हेड गॅस्केट, ऑइल सील यांचा यात समावेश होतो. येथे स्वस्त भाग महाग पडतो. हिशेबापुरते आकडे घेऊ. स्वस्त क्लच सेट 1,500 रुपयांचा आणि तो 20,000 किलोमीटर चालला. चांगला सेट 3,000 रुपयांचा आणि तो 60,000 किलोमीटर चालला. मजुरी दोन्ही वेळा 1,500 रुपये. 60,000 किलोमीटरसाठी स्वस्त सेट तीन वेळा घालावा लागेल, म्हणजे 9,000 रुपये. चांगला सेट एकदाच, म्हणजे 4,500 रुपये. गाडी गॅरेजमध्ये उभी राहून बुडालेले धंद्याचे दिवस यात धरलेलेच नाहीत.

याच टोपलीतील आणखी एक सूत्र असे की, एकदा खोलले की शेजारचे भागही पाहून घ्यावेत. टायमिंग बेल्टसोबत त्याचा टेन्शनर, आणि वॉटर पंप तेथेच असेल तर तोही. क्लच प्लेटसोबत रिलीज बेअरिंग. टायमिंग बेल्ट तुटला तर काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात आणि शेकड्यांचा खर्च हजारांवर जातो. म्हणून हा बेल्ट कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदलावा, तुटण्याची वाट पाहू नये.

तिसरी टोपली वरवरची. दाराचे हँडल, काच उचलण्याचे मशीन, आरसे, बंपर, डिकीचे कुलूप, सीट कव्हर, आतले प्लॅस्टिक, हॉर्न. हे भाग लोकल घ्यावेत, भंगारातून आणावेत, दुरुस्त करून वापरावेत. बिघडले तर गाडी थांबत नाही. बजेट येथे सांभाळायचे असते.

पुष्कळ लोक नेमके उलटे करतात. सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टीम ब्रँडेड असते आणि ब्रेक लायनर मिळेल तो.

शे-दीडशे रुपयांची बचत

आमच्या ओळखीचे एक फळविक्रेते ओम्नीतून रत्नागिरीकडे माल नेतात. एकदा आंबा घाट उतरताना त्यांच्या ब्रेकचा पेडल हळूहळू खाली जाऊ लागला. त्यांनी गिअर खाली घेतला, हँडब्रेक ओढला आणि डोंगराच्या बाजूला गाडी टेकवून थांबवली. शेजारी त्यांचा मुलगा बसला होता. नंतर चाक उघडले तेव्हा दोनच महिन्यांपूर्वी बसवलेले व्हील सिलिंडरचे रबर फुगून फाटलेले आढळले. ब्रेक ऑइल गळून लायनर भिजला होता. किट बसवताना त्यांनीच सांगितले होते, "स्वस्तातले घाल." वाचले होते शे-दीडशे रुपये. अल्लाहच्या कृपेने पितापुत्र सुखरूप घरी आले, पण प्रत्येकाला डोंगराची बाजू मिळतेच असे नाही.

येथे ब्रेक ऑइलचेही थोडे समजून घ्यावे. मोटारीत सामान्यतः डॉट 3 किंवा डॉट 4 हे ऑइल असते. ते हवेतील दमट ओढून घेते. नवे डॉट 3 किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषल्यावर ही मर्यादा 140 अंशांपर्यंत खाली येऊ शकते. डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155 आहेत. घाटात सतत ब्रेक दाबला की उष्णता वाढते, जुने ऑइल उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ लागतो. आमच्या भागातला पावसाळा पाहता दर दोन वर्षांनी हे ऑइल बदलणे शहाणपणाचे आहे. उघडून महिनोन्‌महिने ठेवलेल्या डब्यातले ऑइल घेऊ नये. टाकीच्या झाकणावर जो प्रकार लिहिला असेल तोच घ्यावा. इंजिन ऑइल किंवा दुसरे कोणतेही खनिज तेल चुकूनही त्यात गेले तर सगळी रबरे फुगतात.

टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. 2319 असे असेल तर तो टायर 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात बनला. "नवा" म्हणून विकला जाणारा टायर दुकानात किती वर्षे पडून होता, हे त्यावरून कळते. नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरवर आली की मोटारीचा टायर कायद्यानेही संपला.

डुप्लिकेट कसा ओळखावा

दुकानात जाताना आर.सी. बुकाची प्रत न्यावी आणि चेसिस नंबर सांगावा. नाव एक असले तरी वर्षानुसार भाग बदलतात. मारुती 800 कार्बोरेटरची आहे की एम.पी.एफ.आय.ची, एवढ्यावरही कितीतरी भाग वेगळे होतात. चेसिस नंबरवरून पार्ट नंबर काढून घ्यावा आणि डब्यावरचा नंबर त्याच्याशी ताडून पाहावा.

डब्यावर उत्पादकाचे नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि कमाल किंमत छापलेली असली पाहिजे. छपाई पुसट, नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक, होलोग्राम म्हणजे नुसता चकचकीत कागद, वजन हाताला हलके, कास्टिंगच्या कडा खरबरीत, ही सर्व शंकेची लक्षणे आहेत. जुना भाग सोबत नेऊन नव्याशेजारी ठेवावा. आणि कंपनीचा माल निम्म्या दरात मिळत असेल तर स्वतःला विचारावे की हे कसे परवडते?

गॅरेजवाल्या बांधवांना एक विनंती. ऑइलचे रिकामे डबे आणि ब्रँडेड भागांची खोकी तशीच भंगारात देऊ नयेत. डब्याला भोक पाडावे, खोके फाडावे. तोच डबा नकली ऑइल भरून पुन्हा बाजारात येतो आणि कदाचित तुमच्याच काउंटरवर येतो.

जुना भाग घ्यावा, पण कोणता?

सेकंडहँड भागात लाजण्यासारखे काही नाही. दार, बॉनेट, काच, सीट, हेडलाइट, चाकाची लोखंडी डिस्क, सेल्फ, अल्टरनेटर, चांगला असल्यास गिअरबॉक्ससुद्धा जुना घेता येतो. ब्रेकचे भाग, टाय रॉड एंड, सीट बेल्ट, एअरबॅग, टायमिंग बेल्ट आणि रबराचे भाग मात्र जुने कधीही घेऊ नयेत.

कोल्हापूरकरांनी आणखी एक गोष्ट पाहावी. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी शहरात शिरले, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला आणि असंख्य गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. अशा गाड्यांचे भाग धुऊन-पुसून बाजारात येतात. तपासणी सोपी आहे. वायरच्या टोकाला तांबे हिरवे पडले आहे का, हेडलाइटच्या आत गाळाची रेघ आहे का, अल्टरनेटर हाताने फिरवला तर खरखर लागते का, हे पाहावे. पुरातल्या गाडीचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोल बॉक्स तर फुकट मिळाला तरी नको.

जुने इंजिन घ्यायचे असेल तर विकणाऱ्याकडून इंजिन नंबर लिहिलेले बिल आणि मूळ गाडीची कागदपत्रे घ्यावीत. बदललेल्या इंजिनाची नोंद आर.टी.ओ.कडे आर.सी. बुकात करून घ्यावी लागते. कागदाशिवाय स्वस्त मिळणारे इंजिन चोरीच्या गाडीचे असू शकते. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे कायद्याने गुन्हा आहे आणि शरीअतमध्येही तो हलाल नाही.

उद्यमनगरचा फायदा घ्यावा

भाग बदलण्याआधी तो दुरुस्त होतो का, हे आमच्या शहरात तरी विचारलेच पाहिजे. शिवाजी उद्यमनगरसारखी कारागिरांची वसाहत सगळ्या शहरांना लाभलेली नाही. चर पडलेला ब्रेक ड्रम लेथवर साफ करता येतो. मात्र ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासाच्या पलीकडे तो नेऊ नये. वाकलेले हेड फेसिंग करून सरळ होते. झिजलेल्या सिलिंडरला बोअरिंग करून 0.25 किंवा 0.50 मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन बसतो, अथवा स्लीव्ह घालता येते. पितळी रेडिएटरची गळती जोडता येते. सेल्फचे कार्बन ब्रश आणि बुश बदलले की पूर्ण सेल्फ बदलण्याची गरज पुष्कळदा उरत नाही. येथे खर्च मालाचा कमी आणि हुन्नराचा जास्त असतो. तो पैसा आपल्याच शहरातील कारागिराच्या घरी जातो.

बिल, कर आणि कागद

बहुतेक मोटार भागांवर 2017 पासून 28 टक्के जी.एस.टी. होता. 22 सप्टेंबर 2025 पासून तो 18 टक्के झाला. म्हणजे कर सोडून 1,000 रुपयांचा जो भाग 1,280 ला पडत होता तो 1,180 ला पडला पाहिजे. ग्राहकाने हे विचारावे आणि दुकानदाराने विचारण्याआधीच द्यावे. पक्के बिल घ्यावे, कारण त्याशिवाय वॉरंटी नुसती बोलण्यापुरती असते. बिलावर भागाचा नंबर आणि कंपनीचे नाव लिहून घ्यावे. "स्पेअर पार्ट 1 नग" अशा बिलाचा उपयोग नाही. काढलेला जुना भाग मिस्त्रीकडून मागून घ्यावा. तो आपला माल आहे आणि काम झाल्याचा पुरावाही.

शेवटी गाडीच्या वयाचाही हिशेब करावा. खाजगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांची असते. पुढे तपासणी करून दर 5 वर्षांनी नूतनीकरण होते. महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण कर आहे. 1 एप्रिल 2022 पासून मोटारीच्या नूतनीकरणाची फी 5,000 रुपये झाली आणि ऑगस्ट 2025 मध्ये 20 वर्षांवरील मोटारींसाठी ती 10,000 करण्यात आली. नूतनीकरण जवळ आले असेल तर मोठा खर्च करण्यापूर्वी पत्रा आणि चेसिस किती गंजले आहे, हे पाहावे. इंजिन नवे होऊ शकते, गंजलेली चेसिस नाही. वर्षभराची दुरुस्ती गाडीच्या बाजारभावाजवळ जाऊ लागली तर ती गाडी सांभाळण्यात शहाणपण उरत नाही.

दुकानदार आणि मिस्त्री बांधवांसाठी

दुसऱ्याचा ट्रेडमार्क लावून माल विकणे 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यानुसार गुन्हा आहे. त्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि 50,000 ते 2 लाख रुपये दंडाची तरतूद आहे. पण आमच्यासाठी कायद्याच्या आधी दुसरी गोष्ट येते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली, हा प्रसंग आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, हाच तो सवाल होता. फिक्हमध्ये मालातील दोष लपवला गेला असेल तर ग्राहकाला तो परत करण्याचा हक्क आहे, त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. ओरिजिनलच्या डब्यातला डुप्लिकेट, धुऊन पुसलेला पुरातला अल्टरनेटर, हे सर्व ढिगाखालचे ओले धान्यच आहे.

कमिशनबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. मिस्त्रीने ग्राहक दुकानात पाठवला आणि दुकानदाराने त्याला काही दिले, तर ते पैसे बिलात दर वाढवून ग्राहकाच्याच खिशातून जातात. त्याहून वाईट म्हणजे ज्या मालावर कमिशन जास्त तोच माल "चांगला" ठरतो. मिस्त्रीने माल आणण्याच्या श्रमाचे पैसे उघडपणे सांगून घ्यावेत. भाग पारखण्याचे ज्ञान ही त्याची कमाई आहे आणि तिचा मोबदला मागण्यात काहीच गैर नाही. ग्राहकानेही मजुरीत घासाघीस करून मिस्त्रीला चोरवाटेकडे ढकलू नये.

लोकल माल विकायचा तर लोकल म्हणूनच विकावा, आणि ब्रेकचा भाग मागायला आलेल्याला "हा घाटात नेऊ नका, दुसरा घ्या" असे सांगण्याची हिंमत ठेवावी. एखादी विक्री हातची जाईल. पण त्या गाडीत कोणाचा तरी मुलगा बसणार असतो, आणि आपली रोजी हलाल राहते. असा दुकानदार शोधून गिऱ्हाईक पुन्हा येते, हा व्यापाराचा जुना अनुभव आहे.